मोडीतला पडदा

भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात. फुटका गुंड किंवा चेपलेली परात आपण उकिरड्यावर टाकत नाही. ती मोडीत जाते, वजनाला भाव येतो आणि भट्टीतून नवे भांडे निघते. आकार गेला तरी धातू राहतो, म्हणून हा व्यवहार ठीक आहे.

पण हाच तराजू बंद पडलेल्या प्रिंटरला, झेरॉक्स यंत्राला, लॅपटॉपला लावला तर काय होते? प्लॅस्टिक एकीकडे, तांबे दुसरीकडे, आणि पडद्याचा चुरा! पडद्याची किंमत वजनात नाही, जुळणीत आहे. फुटला की संपली. आणि गंमत अशी, की यंत्र बंद पडते ते पुष्कळदा मोटर किंवा वीजपुरवठ्याचा भाग गेल्यामुळे. पडदा बिचारा शाबूत असतो. तो कबाड्याच्या तराजूवर चढण्यापूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत यावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हा पडदा चालतो कसा? दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. १८८८ साली फ्रीडरिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला असा पदार्थ आढळला. तो वितळूनही गढूळच राहिला आणि आणखी तापवल्यावर स्वच्छ झाला. अशा पदार्थाला विजेचा दाब दिला की त्याचे रेणू दिशा बदलतात. काचांवरच्या ध्रुवक पट्ट्यांच्या साह्याने मग मागचा उजेड झडपेसारखा अडवता किंवा सोडता येतो. या शास्त्रात आपल्या विदर्भाचाही वाटा आहे बरे का! १९५१ साली नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर पुढे बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत गेले. तेथे १९७७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. तसल्या पदार्थांच्या पातळ फिती लावल्यामुळे पडदे बाजूने पाहतानाही नीट दिसू लागले.

आता हाताने काय करायचे ते पाहू. आरंभ लहान पडद्यापासून करावा. जुन्या प्रिंटरमध्ये, झेरॉक्स यंत्रात दोन ओळींचा, प्रत्येक ओळीत १६ अक्षरांचा पडदा पुष्कळदा सापडतो. त्याच्या पाटीवर बहुधा १६ टोके असतात. पहिली दोन विजेची, तिसरे ठळकपणाचे, ४ ते ६ हुकुमाची, ७ ते १४ माहितीची आणि शेवटची दोन मागच्या दिव्याची. वीज लागते साधारण ५ व्होल्ट. काही पाट्यांवर पहिल्या दोन टोकांची अदलाबदल असते. म्हणून पाटीवरचा क्रमांक वाचून त्याचे माहितीपत्रक मिळवावे, मल्टिमीटरने ताडून पाहावे, मगच वीज द्यावी. मागच्या दिव्याला रोध जोडल्याशिवाय वीज देऊ नये.

पडदा कोरा दिसला म्हणून टाकून देऊ नका. तिसऱ्या टोकाला १० हजार ओहमचा फिरता रोध लावा आणि हळूहळू फिरवा. वरच्या ओळीत काळे चौकोन उमटले, तर समजा की पडद्यात जीव आहे. त्याला अजून हुकूम मिळालेला नाही, इतकेच. तो हुकूम अर्डुइनोसारखी छोटी पाटी देते.

अर्डुइनोला तापमान आणि आर्द्रता मोजणारा संवेदक जोडला, की शाळेचे हवामानयंत्र तयार! आपला जिल्हा धानाचा. कोठीतली आर्द्रता किती, पाऊस येण्यापूर्वी ती कशी चढते, हे मुलांना रोज वहीत लिहू द्या. स्वतः जोडलेल्या पडद्यावरचा आकडा मुले विसरत नाहीत.

लॅपटॉपचा मोठा पडदाही उपयोगी पडतो. त्याच्या पाठीवरच्या क्रमांकाशी जुळणारी चालक पाटी विकत घेतली, की संगणकाला जोडता येतो. मोबाइलच्या रंगीत पडद्यांच्या नादी मात्र नवशिक्याने लागू नये. त्यांच्या जोडण्या बारीक, आणि माहिती सहसा हाती लागत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जुन्या, पोट पुढे आलेल्या काचनळीच्या दूरदर्शन संचाला मुलांचा हात लागू देऊ नका. बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्टचा भार साठून राहतो, काचेत शिसे असते आणि आत निर्वात पोकळी असल्यामुळे काच फुटून उडते. जुन्या सपाट पडद्यांमागच्या बारीक नळ्यांत पारा असतो. त्या फोडू नका. तांब्यासाठी तारा जाळणे तर विषारी धूर अंगावर घेणे आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार उरलेला माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जायला हवा.

तेव्हा पुढच्या वेळी कार्यालयातले जुने यंत्र निकाली निघेल, तेव्हा रीतसर परवानगी घेऊन एक पेचकस बरोबर न्या. चार स्क्रू काढायला पाच मिनिटे लागतात; तेवढ्यात वर्गाला वर्षभर पुरेल असे साधन हाती येते.