विचारणारा आणि सांगणारा

जुलै सरत आला की पाटण खोऱ्यात भाताची लागण उरकत येते. मग औषधांच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "भात पिवळं पडलंय, काय मारू?" एवढ्यावर दुकानदाराने तरी काय द्यावे? हाताशी असेल ती बाटली तो देतो. पैसे जातात, भात पिवळेच राहते.

आता विचारण्याआधी बांधावरून खाली उतरा. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडले आहे. शेंड्याची कोवळी पाने पांढुरकी निघत असतील तर लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी. आणि मधला पोंगाच वाळून, ओढल्यावर अलगद हातात येत असेल, तर ते खोडकिड्याचे काम. दुखणी तीन, उपाय तीन. लागण किती दिवसांची, खत काय घातले, तेही सांगा. शक्य तर एक रोप मुळासकट सोबत न्या.

पण सांगणाऱ्याचेही काही चुकते. "एवढी वर्षं शेती करतोस, अन् हे कळत नाही?" असे चारचौघांत ऐकलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. मी मास्तर, माझ्याही हातून हे झाले आहे. एका मुलीने नुकतीच शिकवलेली गोष्ट पुन्हा विचारली. "लक्ष कुठं होतं?" मी म्हणालो. वर्ग हसला. वर्षभर तिचा हात वर झाला नाही. परीक्षेत त्या प्रश्नाची जागा तिने कोरी सोडली होती, आणि तिच्याच काय, निम्म्या वर्गाने!

गारगोटीच्या मौनी विद्यापीठात श्रीपाद दाभोलकर गणित शिकवीत. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगावकडचे द्राक्षबागायतदार त्यात आले. मी काय केले, किती केले, काय दिसले, हे एकमेकांना कळवायचे, पत्रानेसुद्धा. मला त्यातले आवडते ते हे, की आज विचारणारा उद्या सांगणारा होई.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, "समजलं का?" या प्रश्नाला मुले "हो" म्हणतात, ती सवयच. त्याऐवजी "कुठं अडलं?" असे विचारून पाहा, आणि जरा थांबा. पहिला मिनिटभर कोणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून एखादा हात अर्धाच वर येतो.