टेम्पो घेताना किंमत बघा, मोलही बघा

२००५ साली बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, आता पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणाराही मिळतो. गटासाठी घ्यावा का?

शोरूमची किंमत ही नुसती सुरुवात. तिच्यात कर, विमा, कर्जाचं व्याज मिळवा. सीएनजीने इंधनखर्च वाचेल, पण पंप रोजच्या वाटेवर हवा.

मग फेऱ्या मोजा. आंब्याच्या पेट्या एप्रिल-मे महिन्यांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. हप्ता मात्र बारा महिने! पावसाळ्यात टेम्पो काय वाहणार, हे बैठकीत वहीवर मांडा. उत्तर मिळालं तर खुशाल बुकिंग करा. नाही मिळालं, तर हंगामापुरता भाड्याचा टेम्पो बरा. गटाची बचत तरी शाबूत राहील.