राहून गेलेला सौताडा

हिला सौताड्याचा धबधबा दाखवीन म्हणत राहिलो. बदल्या, ऑडिट, मार्चअखेर यात राहून गेलं. ती गेल्यावर, भाद्रपदात, नातवाबरोबर सायकलीवर निघालो. तलवाड्याच्या त्वरितादेवीला नमस्कार केला. पहिला मुक्काम बीड. दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात दम लागला, उतरायची लाज वाटली. नातू म्हणाला, "आजोबा, ढकलत नेऊ की!" संध्याकाळी कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन झालं. तिसऱ्या दिवशी बालाघाटाच्या हिरव्या माळांवरून पाटोदामार्गे सौताडा गाठलं. विंचरणेचं पाणी दरीत कोसळत होतं, खाली रामेश्वराचं देऊळ. पाहायला ती नव्हती. मंडळी, घाट ढकलत चढला तरी चालतो; पण घरच्यांना न्यायचं असेल, तर यंदाच न्या.