शाळेचा शेवट, विद्यापीठाचे दार



फ्रान्समध्ये १८०८ साली नेपोलियनच्या अमदानीत ‘बाकालोरेआ’ परीक्षा सुरू झाली. शालेय शिक्षण पुरे झाल्याची ती खूण, आणि तीच विद्यापीठप्रवेशाची सनद. तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिकेसाठी तेथे मुलांना चार तास देतात. याउलट चीनमध्ये दशकभर बंद पडलेली प्रवेशपरीक्षा १९७७ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले. प्रवेश मिळाला पावणेतीन लाखांना. एके ठिकाणी पात्रतेची पारख, दुसरीकडे जागांची वाटणी.

आपल्या मुलांपुढे दोन्ही उभी आहेत. बारावी आहेच, शिवाय २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी सामाईक प्रवेशपरीक्षा आली. बदलीच्या नोकरीमुळे राज्योराज्य फिरणाऱ्या आपल्या कुटुंबांना तिचा लाभ आहे: कोणत्या मंडळाने सढळ हाताने गुण दिले, हा वाद तिथे मिटतो, ती मराठीतूनही देता येते. परंतु तिच्यात पर्याय निवडायचे असतात, निबंध लिहायचा नसतो.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलांनी प्रवेशासाठी अवश्य झटावे. पण स्वतःच्या विचाराने चार पाने लिहिता येतात का, हेही घरी पाहावे. जागा मोजक्याच असतात; ही शक्ती मात्र कोणाच्या वाटणीची नसते.