पेटी उघडण्याआधी

ताई-माईंनो, जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर, मळ्यात, गोठ्यात, चुलीपुढे, जिथे असाल तिथे. सध्या द्राक्षाच्या विरळणीचे दिवस आहेत. दिवसभर हात वर धरून माना भरून आलेल्या असणार. तेव्हा हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

नाताळ जवळ आला म्हणून आम्हाला सांगितलं, येशू ख्रिस्ताच्या शिकवणीवर काहीतरी बोला. आमच्या गटात आम्ही बाराजणी. दोघी ख्रिस्ती घरच्या, एक मुसलमान भाभी, बाकीच्या वारकरी नाहीतर देवीच्या. प्रवचन आम्हाला येत नाही आणि कुणाचा धर्म कुणाला शिकवायचाही नाही. पण शुभवर्तमानातल्या दोन-तीन गोष्टींनी आमच्या गटात गेल्या वर्षभरात जे भांडण लावलं आणि जे थोडंफार मिटवलं, ते सांगतो. ज्यांच्याविषयी सांगतो आहोत त्यांना विचारून सांगतो आहोत. नावं मात्र घेणार नाही.

पहिली गोष्ट द्राक्षमळ्याचीच आहे. आमच्यातल्या सातजणी विरळणीचं काम उक्तं घेतात आणि आलेले पैसे सारखे वाटून घेतात. त्यात एक आजी आहेत. नजर कमी झाली आहे, ओळ संपवायला त्यांना दुप्पट वेळ लागतो. गेल्या वर्षी शनिवारी पैसे वाटताना कुरबुर सुरू झाली. अर्ध्या कामाला पूर्ण वाटा कसा? दुपारी मांडवाखाली भाकरी खाताना आमची ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, "अगं, आमच्या बायबलात तुमच्याच मळ्याची गोष्ट आहे."

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला हा दाखला आहे. एक मळेवाला पहाटे मजूर आणायला जातो, दिवसाची मजुरी ठरवतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला गेला तरी काही माणसं उभीच. दिवसभर इथे रिकामे का उभे, असं विचारलं तर म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकच रक्कम ठेवतो, पूर्ण दिवसाची. पहाटेपासून राबलेले चिडतात. तो म्हणतो, तुला ठरलं तेवढं दिलं ना? मी चांगुलपणा केला तर तुझ्या डोळ्यांत का खुपतो?

ही माणसं आपण पाहिलेली आहेत. नारायणगावात सकाळी सकाळी डबा घेऊन उभी राहतात ती. तरणी पोरं आधी उचलली जातात. म्हातारी आणि कडेवर पोर असलेली बाई उरते. उन्हं वर आली की ती कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

आमच्यातली सगळ्यात धाकटी मात्र गोष्ट ऐकून म्हणाली, "त्या मालकाने स्वतःच्या खिशातून दिले. आजींचा वाटा आमच्या घामातून जातो." खरंच होतं ते. आम्हाला उत्तर सुचलं नाही आणि बायबलवाल्या मैत्रिणीलाही सुचलं नाही. अर्धा तास वाद चालला. पश्चिम भागातल्या एकीने पडकईची आठवण काढली. भातखाचराचं काम सगळ्यांनी मिळून करायचं, तिथे कुणी किती घमेली उचलली ते मोजत नाहीत, असं तिचं म्हणणं. धाकटीला तेही पटलं नाही. मग तिचंच पोर मांडवाच्या टोकाशी रडायला लागलं, आणि आजी ओळ सोडून उठल्या आणि त्याला घेऊन बसल्या. तेव्हा आमच्या ध्यानात आलं की दोन तान्ह्यांकडे आठ दिवस आजीच बघत होत्या. हिशोबात ते कुणी धरलंच नव्हतं. वाटे सारखे झाले.

बायबलचा विषय निघाला की आमच्या मनात आधी केडगाव येतं. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. पंडिता रमाबाईंचा मुक्ती मिशन तिथला. रमाबाई १८५८ साली जन्मल्या, आईवडिलांनी त्यांना संस्कृत शिकवलं, पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात यावरून पुण्यात मोठा वाद झाला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वादही खरा आहे, तो झाकून रमाबाई सांगू नयेत. पण १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलीबायांना घेऊन आली. शारदा सदन सुरू झालं होतं ते मुख्यतः वरच्या जातींतल्या विधवांसाठी, दुष्काळाने ती मर्यादा उरू दिली नाही. केडगावच्या माळावर त्या मुली शेती करू लागल्या, विणू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. पाच वाजता मळ्यात आलेल्या मजुरांसारख्याच त्या, आधी कुणी कामाला न लावलेल्या.

आणि रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. शाळेत फारशी न गेलेल्या बाईलाही कळावं अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर त्या त्याच कामात होत्या. आम्ही गटाचं इतिवृत्त लिहिताना कधी उगाच जड शब्द वापरले की आमच्यातली एक म्हणते, "रमाबाईंना कळेल असं लिही."

आता खरी गोष्ट. कर्जाची.

दीड वर्षापूर्वी आमच्या एका सभासद ताईने टोमॅटोच्या रोपांसाठी, मल्चिंगसाठी गटातून १५,००० रुपये घेतले. हप्ता महिना १,५००. चार हप्ते आले. मग बाजार पडला, माल बांधावर टाकायची पाळी आली आणि हप्ता थांबला. दोन बैठकांना ताई आल्या नाहीत. तिसऱ्या बैठकीत त्यांच्या माघारी जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. "बुडवणार ती." "घरात नवा टीव्ही आणला म्हणे." आणि ग्रामसंघाच्या सभेत थकबाकीचा विषय निघाला तेव्हा त्यांचं नाव पहिल्यांदा आम्हीच घेतलं, गट चालवणाऱ्यांनी. संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या जावेकडून त्यांच्या घरी पोचलं. तेव्हापासून ताई विहिरीवर लांबच्या वाटेने जायला लागल्या.

या सुमारास एका बैठकीत ख्रिस्ती मैत्रिणीने मत्तयाचा अठरावा अध्याय वाचून दाखवला. मुद्दाम वाचला, नंतर तिने कबूलही केलं. त्यात येशू सांगतो की कुणी तुझा अपराध केला तर आधी एकटा जा आणि तुमच्या दोघांतच बोल. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घे. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आमची पायरी बरोबर उलटी पडली होती. आधी गावाला सांगितलं, मग जावेला कळलं, आणि त्या ताईच्या दारात मात्र कुणीच गेलं नव्हतं.

त्याच अध्यायात पुढे एका चाकराची गोष्ट आहे. राजाचं त्याच्यावर दहा हजार तालांत कर्ज. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिवसांची मजुरी, तेव्हा हे कर्ज सात जन्मांत फिटायचं नाही. राजा दया येऊन सगळं सोडून देतो. बाहेर पडल्यावर त्याच चाकराला आपला एक सोबती भेटतो, त्याच्याकडे याचे शंभर दीनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. हा त्याची मानगूट धरतो.

हे ऐकून आमच्या खजिनदार काकी हळूच म्हणाल्या, "२०२० आठवतंय का?" टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते मार्च ते ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची मुभा दिली होती. व्याज चालूच होतं, पण गटाने ती मुभा घेतली होती आणि सुटकेचा श्वास टाकला होता. बँकेने आम्हाला सहा महिने थांबून घेतलं. आम्ही आमच्या बाईला तीन बैठका थांबलो नाही.

मग एकटं कोण जाणार यावर चर्चा. शेवटी सचिव गेल्या. त्यांना बघून ताईंची नुसती धावपळ. चहा टाकते, बस, पोहे करते, पोराला दूध आणायला पाठवते. कामात गुंतलं की बोलावं लागत नाही, हे आपल्याला सगळ्यांना येतं. सचिव म्हणाल्या, "चहा राहू दे. बस." लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी आला, मरीया पायाशी बसून ऐकत राहिली, मार्था एकटी स्वयंपाकात. तिने तक्रार केली तर येशू म्हणाला, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, गरज एकाच गोष्टीची आहे. या गोष्टीचा बायकांना राग येतो आणि आम्हालाही येतो. भाकरी कुणी टाकायच्या मग? पण योहानाच्या शुभवर्तमानात भाऊ वारल्यावर येशूला सामोरी जाते, तू ख्रिस्त आहेस असं तोंडावर सांगते, ती मार्थाच, हेही लक्षात ठेवा. तिला नुसती चुलीपाशी बसवणारे पुढचं वाचत नाहीत. त्या दिवशी मात्र चूल बंद ठेवायचीच वेळ होती.

ताई बसल्या आणि रडल्या. टीव्ही माहेरचा, जुना. खरं कारण वेगळंच निघालं. त्यांनी एका खाजगी कंपनीकडूनही कर्ज घेतलं होतं. कंपनीचा माणूस हप्त्याच्या दिवशी दारात बसून राहायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. त्यामुळे हातात येईल तो पैसा आधी तिकडे जायचा. "तुम्ही आपल्या. तुम्ही थांबाल असं वाटलं," असं त्या म्हणाल्या. सचिवांना त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. जो ओरडतो त्याचे पैसे आधी आणि ज्या आपल्या त्यांचे शेवटी, हे आपल्या किती घरांत चालतं बघा. सासरच्या पाहुण्यांना आधी ताट आणि आपल्या पोरीला उरलंसुरलं, त्यातलंच हे.

कर्ज आम्ही माफ केलं नाही. ते पैसे बाराजणींच्या बचतीचे आहेत, त्यात विडी वळून साठवलेले आहेत, दूध घालून साठवलेले आहेत. ते सोडून द्यायचा हक्क कुणा एकीला नाही, आणि माफी आणि कर्जमाफी एकच असं आम्हाला वाटत नाही. उरलेल्या ९,००० चा हप्ता १,५०० वरून ५०० केला, दंड सोडला, व्याज तेवढं ठेवलं. आणि ग्रामसंघाच्या पुढच्या सभेत आम्ही उभं राहून सांगितलं की मागच्या वेळी ताईंचं नाव घेतलं ते चुकलं. हे सोपं गेलं नाही. नाव घेताना जेवढ्या जणी ऐकत होत्या, चूक सांगताना त्यातल्या निम्म्या चहाला उठून गेल्या. आजवर पाच हप्ते आले, ६,५०० बाकी आहेत.

तेव्हापासून एक नवी रीत पडली. येशूने म्हटलं आहे, देवापुढे अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आमची वेदी म्हणजे ती पत्र्याची पेटी. पेटी उघडण्याआधी अध्यक्ष विचारतात, "कुणाचं कुणाशी काही आहे का?" सुरुवातीचे काही महिने सगळ्या गप्प. एकमेकींकडे बघून हसायचो.

गेल्या गुरुवारी मात्र एक बाई म्हणाली, "आहे." टीव्हीचं बोललेली तीच. कर्जवाल्या ताई तिच्याशी सहा महिने बोलत नव्हत्या. दोघी उठून बाहेर लिंबाखाली गेल्या. आम्ही आत. पेटीला कुलूप तसंच. अंधार पडायला लागला, बिबट्याच्या भीतीने आम्ही सहाच्या आत घरी जातो, पण कुणी उठलं नाही. भाभींनी मुलाला फोन करून बॅटरी मागवली. दोघी आत आल्या तेव्हा डोळे लाल होते, आणि बसल्या त्या लांब लांबच. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. पेटी उघडली, पैसे मोजले, वही लिहिली, आणि सगळ्या मिळून एकाच बॅटरीच्या उजेडात घरी गेलो. पुढची बैठक परवा आहे.