मुलीच्या रॅकेटसाठी कर्ज द्यायचं का?



गेल्या महिन्यात भिवंडी तालुक्यातल्या आमच्या एका गटाच्या बैठकीत अशी मागणी आली की सगळ्याजणी गप्पच झाल्या. शिलाई मशीन, शेळी, दवाखाना, शाळेची फी यासाठी आपण अंतर्गत कर्ज देतोच. ही ताई म्हणाली, "लेकीला बॅडमिंटनची रॅकेट आणि बूट घ्यायचेत, तीन हजार द्या." एकीनं विचारलं, "खेळायला कर्ज? फेडणार कशातून?" प्रश्न काही चुकीचा नव्हता. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. म्हणून आज नागपूरच्या मालविका बनसोडबद्दल बोलते.

मालविकाचा जन्म २००१ चा. आई-वडील दोघेही दातांचे डॉक्टर. ती आठेक वर्षांची असताना घरच्यांनी सांगितलं, तब्येतीसाठी एखादा खेळ निवड. तिनं बॅडमिंटन निवडलं. डावखुरी पोरगी, पुढे चमकायला लागली. चांगल्या सरावासाठी रायपूरला जायची वेळ आली, तेव्हा आईनं तिला साथ दिली. एवढंच नाही, लेकीच्या खेळात आपला उपयोग व्हावा म्हणून या डॉक्टर आईनं क्रीडाशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. मला मॅचपेक्षा हीच गोष्ट जास्त आवडते. संसार, मुलगी सांभाळून पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

२०१९ मध्ये मालविकानं मालदीवची आणि पाठोपाठ नेपाळची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग आला जानेवारी २०२२. दिल्लीत इंडिया ओपनमध्ये समोर सायना नेहवाल, ऑलिंपिकचं पदक मिळवलेली. मालविकानं तिला २१-१७, २१-९ असं हरवलं, अवघ्या ३४ मिनिटांत. सायना तेव्हा दुखापतींशी झगडत होती, हेही सांगायला हवं. पण वीस वर्षांच्या मुलीनं जिच्याकडे बघत खेळ शिकला तिच्यासमोर न डगमगणं सोपं नसतं.

लगेच पुढच्याच फेरीत ती हरली. त्याच महिन्यात लखनौच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली, तिथं पी. व्ही. सिंधूनं हरवलं. या खेळात असंच असतं, आठवड्याला नवी परीक्षा. २०२४ मध्ये चीनच्या मोठ्या स्पर्धेत तिनं इंडोनेशियाच्या ग्रेगोरिया तुनजुंगला हरवलं. ग्रेगोरियानं महिनाभर आधीच पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं होतं. मालविका तिथं उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेत खेळताना गुडघ्याला मोठी दुखापत झाली. खेळ थांबला.

आता कुणी म्हणेल, तिचे आई-वडील डॉक्टर, आपलं काय? खरं आहे. हा खेळ स्वस्त नाही. पिसांचं शटल, ज्याला आपण फूल म्हणतो, ते जोरात खेळलं तर एका मॅचलाही पुरत नाही. आपल्या पोरी खळ्यात प्लास्टिकच्या फुलानं खेळतात आणि वारा आला की फूल शेजारच्या कौलावर. सगळ्या मुली मालविका होणार नाहीत, हे त्या ताईलाही कळतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, पदक कोण मागतंय? आठवीनंतर आमच्या वाडीत एकही मुलगी मैदानात दिसत नाही. माझी दिसते, तेवढी राहू दे."

फेडण्याचं म्हणाल तर ती गोधड्या शिवून देते, महिना तीनशेचा हप्ता भरीन म्हणते. याआधीचं कर्ज तिनं वेळेवर फेडलंय, वहीत नोंद आहे. माझं मत द्यावं असं आहे, पण मत माझं एकटीचं चालत नाही, गटाचं चालतं.

बैठक येत्या दहा तारखेला, दुपारी तीनला. लेकीलाही घेऊन ये, म्हटलंय तिला.