मुहूर्ताचे बाळ आणि दिवस भरलेले बाळ
(बुद्धविहारातील उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा माझा विषय प्रथमदर्शनी विहारात बोलण्याजोगा वाटणार नाही. एखाद्या गर्भवती भगिनीची प्रसूती शस्त्रक्रियेने, म्हणजे सिझेरियनने करावयाची असे आधीच ठरले असेल, तर त्या शस्त्रक्रियेचा दिवस कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवावा, हा तो विषय होय. ज्या घरांनी अलीकडेच बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाऊन नव्या जीवनाचा आरंभ केला आहे, त्या घरांची खरी परीक्षा सभामंडपात होत नाही. ती अशाच प्रसंगी, सुतिकागृहाच्या दारात होते.

पूर्वी मूल आपल्या वेळी जन्मास येई आणि ज्योतिषी त्याच्या मागून घरात येई. आता जन्माची तारीख माणसाच्या हाती आली आहे. त्यामुळे ज्योतिष्याने मुलाच्याही आधी घरात पाऊल टाकले आहे. अमावास्या टाळा, मूळ नक्षत्र टाळा, अमुक दिवशी सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ एवढीच वेळ उत्तम आहे, अशा चिठ्ठ्या घेऊन कुटुंबे डॉक्टरांकडे जातात. खेदाची गोष्ट ही की, देव्हारा उतरवून ठेवलेली काही घरेही या रांगेत उभी दिसतात. मूर्ती गेली, परंतु पंचांग खुंटीवरून उतरले नाही!

याने बिघडले काय, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर प्रथम वैद्यकशास्त्राकडून घेऊ या.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे, हा गर्भाचा सर्वसाधारण काळ मानला जातो. 37 आठवडे झाले की बाळ तयार झाले, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो पुरता खरा नाही. गर्भात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव भरलेला असतो. अखेरच्या आठवड्यांत आणि विशेषतः कळा सुरू झाल्यावर तो ओसरू लागतो. कळा येण्यापूर्वीच, आणि तीही लवकर, शस्त्रक्रिया केली, तर हा द्रव पुरता ओसरत नाही. मग बाळाला धाप लागते आणि त्याला काचेच्या पेटीत, प्राणवायूच्या नळीखाली ठेवावे लागते. म्हणूनच आई व बाळ दोघेही सुखरूप असतील आणि घाईचे कोणतेही वैद्यकीय कारण नसेल, तर ठरवून करावयाचे सिझेरियन 39 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी करू नये, असा नियम शास्त्राने घालून दिला आहे.

हा नियम अनुभवाच्या मोजणीतून निघालेला आहे. पूर्वी सिझेरियन झालेल्या आणि पुन्हा ठरवून ते करविलेल्या तेरा हजारांवर स्त्रियांची पाहणी अमेरिकेत होऊन ती 2009 साली प्रसिद्ध झाली. 37 व्या आठवड्यात जन्मलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे 15 बाळांना श्वासाचा त्रास, रक्तातील साखर उतरणे, जंतुसंसर्ग किंवा अतिदक्षता विभागात दाखल होणे यांसारखी काही ना काही बाधा झाली. 38 व्या आठवड्यात हे प्रमाण 11 होते आणि 39 व्या आठवड्यात ते 8 वर आले. उत्तम मुहूर्त म्हणून आठवडा-दीड आठवडा अलीकडे ओढलेला दिवस बाळाच्या पदरात काय घालतो, ते या आकड्यांत दिसते. उलट, मुहूर्तासाठी दिवस पुढे ढकलणेही तितकेच घातक ठरू शकते. मध्येच कळा सुरू झाल्या, तर ठरविलेली शस्त्रक्रिया तातडीची होते; आणि मागील सिझेरियनचा व्रण गर्भाशयावर असेल, तर तो उकलण्याचे भय असते.

आता याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. 39 आठवडे हा आकडासुद्धा नवा मंत्र समजू नका. वार खाली सरकून गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, जुळी बाळे असतील, रक्तदाब वाढला असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, तर डॉक्टर त्याआधीचाच दिवस सांगतील आणि तो मानलाच पाहिजे. अशा वेळी "पितृपक्ष आहे, चार दिवस थांबू या" असे म्हणणे म्हणजे दोन जीव पणास लावणे होय. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. ज्या भगिनीस तो आहे, तिने पहिल्या तपासणीतच डॉक्टरांस तसे सांगावे. तिचा दिवस आणि तिच्यासाठी लागणारे रक्त यांची योजना निराळी करावी लागते.

शास्त्राचे हे म्हणणे झाले. धम्माचे म्हणणे याहून वेगळे नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ग्रहताऱ्यांवरून भविष्य सांगणे आणि शुभाशुभ वेळ काढून देणे यांची गणना तथागतांनी हीन विद्यांत केली असून भिक्खूने त्यांवर उपजीविका करू नये, असे सांगितले आहे. जातककथांत नक्खत्तजातक नावाची एक कथा आहे. वराकडील मंडळींनी लग्नाचा दिवस ठरविला आणि मग आपल्या कुलगुरू तापसास विचारले. आपणांस आधी विचारले नाही या रागाने त्याने नक्षत्र वाईट असल्याचे सांगितले. मंडळी त्या दिवशी गेलीच नाहीत. वधूकडच्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्यास दिली. दुसऱ्या दिवशी भांडण जुंपले, तेव्हा एका शहाण्या माणसाने समजाविले की, मुलगी लाभणे हेच तर शुभ नक्षत्र होते. आकाशातले तारे त्यात काय करणार? भगिनींनो, आपल्या प्रश्नालाही हेच उत्तर लागू पडते. बाळ सुखरूप रडले आणि आई सुखरूप राहिली, की तोच मुहूर्त!

याहून खोल एक गोष्ट आहे. माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरते, या सिद्धांताने आपल्या पूर्वजांस शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी लक्षावधी लोकांसह त्या सिद्धांताचा त्याग केला. आता विचार करा. जन्मकुळावरून माणसाचे भवितव्य ठरते हे आपण नाकारले. मग जन्मघटिकेवरून ते ठरते हे कसे स्वीकारावयाचे? दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या आहेत. अमुक घटकेस जन्मलेले बाळ भाग्यवान म्हणावे, तर तमुक घटकेस जन्मलेले बाळ अपराधावाचून अभागी ठरते. आपल्या घरात येणाऱ्या निष्पाप जीवाच्या कपाळी असा शिक्का आपणच मारणार आहोत काय?

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही दीक्षेसाठी विजयादशमीचा दिवस निवडला होता. होय, निवडला होता. सम्राट अशोकाच्या धम्मविजयाची आठवण जागी व्हावी म्हणून. ग्रहांची कृपा व्हावी हा हेतू त्यात नव्हता, आणि त्या निवडीने कोणाच्या जिवास धोका पोहोचला नाही. हे सांगण्याचे कारण असे की, बाळ 14 एप्रिललाच किंवा वैशाखी पौर्णिमेलाच जन्मास यावे, असा हट्ट आपल्यातील काही कुटुंबे धरू लागली आहेत. त्या दिवशी आठवडे पूर्ण होत असतील आणि डॉक्टरांची संमती असेल, तर आनंदच आहे. परंतु त्यासाठी बाळास दहा दिवस आधी ओढून काढणे, हा निळ्या वेष्टनातला जुनाच मुहूर्त होय.

मग दिवस ठरवावा कसा? पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या. गर्भाचे आठवडे त्यावरून सर्वांत अचूक कळतात. पुढे डॉक्टरांनी तारीख सांगितली की विनयाने विचारा: सिझेरियन का आवश्यक आहे? त्या दिवशी किती आठवडे पूर्ण होतील? भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त त्या वेळी उपलब्ध असेल काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खाजगी रुग्णालयांत शंभरातील 47 प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले. सरकारी रुग्णालयांत 14. तेव्हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश पंचांगास लागू आहे, तसा दवाखान्यासही आहे.

पैशाच्या काळजीने कोणी मागे राहू नये. 2011 साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियनसुद्धा, विनामूल्य होते. औषधे, तपासण्या, रक्त, मुक्कामातील आहार आणि घरापासून ने-आण यांचाही त्यात समावेश आहे. हा आपला हक्क आहे. तो मागून घ्या.

आणि अंतिम निर्णय कोणाचा? जिच्या देहावर शस्त्र चालणार आहे, तिचा. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने तिची आईसुद्धा संमती देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालच्या एका निकालात सांगितले आहे. मग सासूबाईंची किंवा पतिराजांची सही तिच्या संमतीची जागा कशी घेईल? गरोदर मजूर स्त्रीस विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, असे बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात ठणकावून सांगितले होते. त्यांच्या अनुयायांच्या घरात सुनेस आपल्याच प्रसूतीविषयी बोलण्याची चोरी असू नये.

घरातील आजी मुहूर्ताचा आग्रह धरील, तेव्हा तिचा उपहास करू नका. तिच्या मनात भय आहे, आणि भयाच्या मुळाशी नातवंडाविषयीची माया आहे. तिला एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. फुप्फुसांची गोष्ट तिच्या कानावर पडू द्या. ज्या मातेने उपाशी राहून लेकरे वाढविली, ती नातवाचा श्वास कोंडेल असा हट्ट धरून बसणार नाही.

उपासकहो, विहारात त्रिशरण म्हणणे सोपे आहे. रुग्णालयाच्या कागदावर तारीख लिहिताना ते पाळणे कठीण आहे. ती तारीख लिहिण्यापूर्वी आठवडे मोजा, कारण विचारा आणि जी माता होणार आहे तिचे ऐका. बाळाचे भाग्य त्यानंतर घडवावयाचे आहे, ते आईच्या दुधाने, वेळेवर दिलेल्या लसींनी, शाळेने आणि शीलाने.

जय भीम! नमो बुद्धाय!